आपली सुई आपल्या हाताने



गुरांच्या दवाखान्यातला माणूस दारात आला की बैलाची शिंगे घट्ट धरून उभा राहणारा गडी आपल्या प्रत्येक घरात असतो. अडलेल्या गाईचे वासरू ओढून काढणारा असतो, पायात रुतलेला बाभळीचा काटा दाभणाने उकरून काढताना तोंडातून ‘स्स’ एवढाही आवाज न करणारा असतो. पण याच माणसाला डॉक्टरांनी सांगितले की, “दर आठवड्याला एक सुई, आणि ती तुम्हीच घरी टोचून घ्यायची,” की त्याच्या तळहाताला घाम सुटतो. बायामाणसांचेही तेच. दोन-तीन बाळंतपणे सोसलेली बाई सिरिंज हातात घेतली की डोळे मिटून घेते.

यात हसण्यासारखे काही नाही आणि लाजण्यासारखे तर मुळीच नाही. दुसऱ्याने टोचलेले सोसणे वेगळे आणि आपल्या अंगात आपल्याच हाताने टोक घुसवणे वेगळे. आपले शरीर मुळातच टोकदार वस्तूपासून हात मागे घ्यायला शिकलेले असते. म्हणून ऐन वेळी हात थबकतो. तो भित्रेपणा नव्हे, तो शरीराचा स्वभाव आहे. त्याची समजूत घालावी लागते.

आजचा विषय काविळीच्या काही रोग्यांना घ्याव्या लागणाऱ्या अशा सुयांचा. मात्र पुढे वाचण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुष्कळ घरांत उगाचच धास्ती घेतलेली असते. कावीळ एका जातीची नसते. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ काविळ बहुतेकांची विश्रांतीने व जेवणखाण सांभाळल्याने आपोआप उतरते. तिला या सुया लागत नाहीत. (फक्त गरोदर बाईला ‘ई’ कावीळ झाली तर ती फार धोक्याची. तिला घरी ठेवू नये, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे.) रक्तातून पसरणाऱ्या ‘बी’ आणि ‘सी’ या दोन जाती मात्र वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम ठोकून बसतात. माणूस शेतात राबत असतो, डोळे पिवळे नसतात, आणि आत यकृत खडबडीत होत जाते.

यापैकी ‘सी’ काविळीला पूर्वी सुयाच घ्याव्या लागत. कोणाला २४ आठवडे, कोणाला ४८ आठवडे. तुमच्या नात्यात कोणी त्या काळी हे उपचार घेतले असतील तर त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिगती तुमच्या मनात असतील. २०१५ सालापासून आपल्या देशात तिच्यावर पोटात घ्यायच्या गोळ्या मिळू लागल्या. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या घेतल्या की पुरते, आणि घेणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येने रोगी पुरते बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने या विषाणूजन्य काविळींसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात ठरवलेल्या सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषध मोफत आहे. तेव्हा ‘सी’ काविळीच्या रोग्याने सुईच्या धास्तीने घरी बसून राहू नये. त्याच्यासाठी बहुधा सुई नाहीच.

‘बी’ काविळीतही पुष्कळांना रोज एक गोळी दिली जाते. पण काही निवडक रोग्यांना, विशेषतः वय कमी आणि यकृत अजून शाबूत असेल तर, डॉक्टर आठवड्याला एक याप्रमाणे साधारण ४८ आठवडे इंटरफेरॉनची सुई सुचवतात. ‘बी’च्या जोडीला ‘डी’ नावाची कावीळ असली तरी हीच सुई वापरतात. सर्वांनाच तिचा गुण येतो असे नाही, हेही खरे सांगितले पाहिजे. ज्यांना येतो त्यांची मात्र जन्मभर गोळी घेण्यातून सुटका होऊ शकते. म्हणून निर्णय डॉक्टरांशी नीट बसून करावा. ‘मला गोळी का नको, सुईच का?’ हा प्रश्न सरळ विचारावा. विचारणाऱ्यावर रागावणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधावा.

आता गंमत पाहा. आपल्या खेड्यांतून सर्दी-पडशालाही “डॉक्टर, एक सुई मारा” असे म्हणण्याची सवय आहे. सुई न देणारा डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो. आणि याच हौसेच्या सुयांनी ‘बी’ व ‘सी’ कावीळ गावोगाव नेली आहे. एकच सिरिंज पुन्हापुन्हा वापरली की एकाच्या रक्तातला विषाणू दुसऱ्याच्या अंगात जातो. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात ‘बी’ काविळीची मोठी साथ आली, कितीतरी माणसे दगावली, आणि तपासात वापरलेल्या सिरिंजा परत वापरल्याचे आढळले. म्हणजे नको तिथली सुई आपण मागून घेतो आणि हवी तिथली सुई पाहून पळतो. हे उलटे झाले पाहिजे. दवाखान्यात सुई घ्यायची वेळ आलीच तर नवे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. सांगताना संकोच करू नका.

घरी घ्यायच्या सुईकडे वळू. इंटरफेरॉन हा परका पदार्थ नाही. १९५७ साली त्याचा शोध लागला तेव्हा असे कळले की, विषाणू अंगात शिरला की आपल्याच पेशी हे द्रव्य तयार करतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. फ्लूच्या तापात अंग मोडून येते, त्यात या द्रव्याचाही हात असतो. म्हणून सुई घेतल्यावर काही तासांनी थंडी वाजली, ताप आला, अंग दुखले, तर ‘औषध उलटले’ असे समजून घाबरू नये. औषध आपले काम करू लागल्याची ती खूण असते. बहुतेकांना पहिल्या काही सुयांना हा त्रास जास्त होतो आणि मग कमी होत जातो. तापासाठी कोणती गोळी, किती, हे आधीच विचारून लिहून घ्यावे. यकृताच्या रोग्याने दुखण्याची कुठलीही गोळी दुकानातून आपल्या मनाने आणू नये.

ही सुई शिरेत घ्यायची नसते, स्नायूतही नाही. कातडीखाली जो चरबीचा मऊ थर असतो तिथे घ्यायची. भीतीचा अर्धा भाग इथेच गळून पडतो, कारण “शीर सापडली नाही तर?” हा प्रश्नच उरत नाही. शीर शोधायचीच नसते. “हवेचा बुडबुडा गेला तर माणूस मरतो म्हणतात,” हे दुसरे भय. बारीकसा बुडबुडा कातडीखाली गेल्याने जिवाला काही होत नाही. बुडबुडा काढायचा तो एवढ्यासाठी की औषध पुरते अंगात जावे. सुई काढल्यावर रक्ताचा एखादा ठिपका आला किंवा निळसर डाग पडला तरी काही बिघडत नाही. आणि जी सुई टोचायची ती साधारण अर्ध्या इंचाची, शिवणाच्या सुईपेक्षाही बारीक असते. बाभळीचा काटा तिच्यापुढे सोटा म्हणावा.

पहिली सुई घरी एकट्याने घ्यायचीच नाही. दवाखान्यात सिस्टरसमोर घ्यायची. त्याआधी हाताला सवय व्हावी म्हणून सिस्टरकडून एक रिकामी सिरिंज मागून घ्या, तीत साधे पाणी भरा आणि मोसंब्याला टोचून पाहा. मोसंब्याची साल टोचताना जो किंचित अडथळा लागतो आणि मग सुई सहज आत जाते, तसेच काहीसे कातडीत लागते. पाच-दहा वेळा केले की बोटांना कळते. ते मोसंबे मात्र टाकून द्यावे, पोरांच्या हाती लागू देऊ नये, आणि ती सुई अंगाला लावू नये.

घरी सुई घेण्याच्या दिवशी अर्धा तास आधी औषध फ्रीजमधून बाहेर काढून ठेवा. गार औषध जास्त झोंबते. ते गरम पाण्यात किंवा उन्हात मात्र ठेवू नका. पावडर पाण्यात मिसळायचे औषध असेल तर बाटली जोरात हलवायची नाही, हळुवार गोल फिरवायची. हात साबणाने धुवा. जागा निवडा: पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, किंवा मांडीच्या वरच्या-बाहेरच्या अंगाला मध्यावर. स्पिरिटचा बोळा फिरवून कातडी पुरती वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचले की चुरचुरते आणि माणूस म्हणतो सुईच दुखली. मग डाव्या हाताच्या चिमटीत कातडीची घडी धरा, आणि उजव्या हाताने, पेन्सिल धरतो तशी सिरिंज धरून, शिकवलेल्या कोनात एका दमात सुई आत घाला.

या ‘एका दमात’वर सगळे आहे. भीतीने माणूस टोक कातडीला लावतो, थांबतो, थोडे दाबतो, परत थांबतो. दुखते ते यानेच. झटकन गेलेली सुई मुंगी चावल्याइतकीही जाणवत नाही. आमच्या पाहण्यात एक गृहस्थ होते. ते पहिल्या वेळी वीस मिनिटे मांडीकडे पाहत बसले, शेवटी त्यांच्या बायकोने “अहो, म्हशीची धार काढायची राहिलीय” म्हणून हाक मारली, आणि त्या गडबडीत त्यांनी सुई घेऊनही टाकली. त्यांना वीस मिनिटांचे दुःख झाले, सुईचे नाही. तेव्हा फार वेळ पाहत बसू नका. सावकाश श्वास घ्या, तो सोडता सोडता टोचा. मग दट्ट्या हळूहळू पुरता दाबा, मनात दहा अंक मोजा, सुई आली त्याच वाटेने सरळ बाहेर काढा. बोळा नुसता दाबून धरा, चोळू नका. पुढच्या आठवड्यात दुसरी जागा घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला ‘उजवी मांडी’, ‘डावे पोट’ असे लिहीत गेले की घोटाळा होत नाही आणि सुया किती झाल्या तेही दिसते.

काही जणांना सुई किंवा रक्त पाहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, ते कोसळतात. हे मनाचे खेळ नव्हेत. त्या क्षणी रक्तदाब खरोखरच खाली येतो. अशांनी उभ्याने सुई घेऊ नये, भिंतीला टेकून किंवा पडून घ्यावी. आणि आधी एक उपाय करावा: हात, पाय, पोट यांचे स्नायू नांगर रेटताना आवळतात तसे दहा-पंधरा सेकंद आवळावे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सैल सोडावे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असे चार-पाच वेळा केले की दाब वर राहतो. टोचताना मात्र तो भाग सैल ठेवावा.

एवढे करूनही हात उचलतच नसेल तर? तर दुसऱ्याने टोचावी. बायकोने नवऱ्याला, मुलाने आईला, सुनेने सासऱ्यांना. शिकायला एक-दोन वेळा पुरतात, फक्त जो टोचणार त्यानेही सिस्टरसमोर शिकले पाहिजे. तेही जमत नसेल तर उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारा. स्वतःच्या हाताने घेतली म्हणून औषधाचा गुण जास्त येतो असे नाही. पण माझे मत विचाराल तर रोग्याने जमेल तितके स्वतः शिकावे. सुगीत घरचे माणूस रानात अडकते, नर्सताई बैठकीला जातात, आणि सुईचा वार कोणासाठी थांबत नाही.

वार निवडतानाही डोके चालवावे. ताप-कणकण रात्री झोपेत निघून जावी म्हणून सुई निजण्यापूर्वी घ्यावी, आणि दुसरा दिवस हलक्या कामाचा असावा. आपल्याकडे काही भागांत सोमवारी बैलाला औताला जुंपत नाहीत. तिथल्या एका शेतकरीदादांनी रविवारची रात्र धरली होती. म्हणायचे, “सोमवारी बैलही बसलेला, मीही बसलेला.” फवारणीचा किंवा दूरच्या बाजाराचा दिवस मात्र नको. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरपूर प्यावे.

औषध ठेवण्याची खरी अडचण खेड्यातच येते. ते २ ते ८ अंश उष्णतेत राहिले पाहिजे. म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नव्हे. गोठलेले औषध फेकूनच द्यावे लागते. माठाच्या गारव्यावर ते टिकत नाही. घरी फ्रीज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल तर तालुक्याच्या औषध दुकानात किंवा सरकारी दवाखान्यात ठेवता येते का ते विचारा आणि आठवड्याला एकच सुई आणा. आणताना थर्मासमध्ये बर्फ घाला, पण औषध कापडात गुंडाळा, बर्फ थेट लागता कामा नये.

वापरलेल्या सुईबद्दल कळकळीने सांगतो. ती उकिरड्यावर जाता कामा नये. उकिरड्याचे खत शेतात जाते, शेतात खुरपायला बाया अनवाणी बसतात. ‘बी’ काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. सुईला टोपण परत लावण्याच्या भानगडीत पडू नका, बोटाला टोचते ते तेव्हाच. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची बाटली ठेवा, तीत सुई सिरिंजसकट टाका, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा, आणि तीन हिस्से भरली की दवाखान्यात नेऊन द्या. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा यासाठी वापरू नका. तो डबा स्वतःच विषारी असतो.

घरच्यांची दोन कामे आहेत. पहिले म्हणजे ‘बी’ काविळीची तपासणी सर्वांनी करून घ्यावी आणि ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यावी: आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. घरात बाळ जन्मले तर पहिला डोस २४ तासांच्या आत मिळायला हवा. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, लेकराला कडेवर घेतल्याने हा रोग पसरत नाही. रोग्याची ताटवाटी वेगळी मांडण्याचे कारण नाही. दाढीचे पाते आणि दातांचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा वेगळा. पती-पत्नीने लस पुरी होईपर्यंत निरोध वापरावा.

दुसरे काम जास्त नाजूक आहे. या औषधाने काही जणांचे मन खचते. झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही, कशात जीव लागत नाही. रोग्याला स्वतःला ते उमगत नाही. तो म्हणतो कर्जामुळे, पावसामुळे. घरच्यांनी ओळखावे की हे औषधानेही होते आणि त्यावर इलाज आहे. डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध देतात, वेळ पडल्यास सुया थांबवतात. पूर्वी कधी मनाचा आजार झाला असेल तर उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि घरात फवारणीचे औषध असते म्हणून स्पष्टच लिहितो: या ४८ आठवड्यांत ते कुलपात असावे आणि किल्ली रोग्याकडे नसावी. ‘जगून काय करायचे’ असे शब्द निघाले तर माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा कोणत्याही वेळी मोफत बोलते.

दिवस गेलेल्या बाईने ही सुई घ्यायची नसते, आणि उपचार चालू असताना दिवस राहू नयेत याची काळजी घ्यावी लागते. दारू पुरती बंद, सणावारालाही नाही. काविळीवर झाडपाल्याचा रस, नाकात घालायचे थेंब, गळ्यातली माळ यांच्या नादी या काळात लागू नये. माळेने अपाय होत नसला तरी रसाने यकृताला होऊ शकतो. रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या दिवशी करा, कारण पेशी फार कमी झाल्या तर सुईची मात्रा बदलावी लागते आणि ते नुसते पाहून कळत नाही.

आणि ठरलेल्या वाराला सुई राहूनच गेली तर? एक-दोन दिवसांत आठवले तर लगेच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वारी. त्याहून जास्त दिवस गेले असतील तर डॉक्टरांना फोन करून विचारावे. चुकलेली भरून काढण्यासाठी दोन सुया एकदम घेऊ नयेत.